किल्लेदाराचा नळ

"खाली उतर आणि लांबनं बघ," रसूलभाई म्हणाला. "तुझी ओळ वाकडी चाललीय."

ओळ वाकडी नव्हती. माझं डोकं वाकडं झालं होतं.

कलामंदिराच्या दारावर मोठा फळा होता. दर दिवाळीआधी त्यावर येणाऱ्या हंगामाची यादी रंगवायचं काम माझ्याकडं असायचं. नृत्य आणि नाट्य, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अकरा रविवार. हातात वकील भाऊसाहेब गलगल्यांनी दिलेला कागद, पायाखाली स्टूल, आणि स्टूल धरायला रसूलभाई. कलामंदिरात पडदा ओढणं आणि घंटा देणं हे त्याचं काम. दहा ओळी रंगवून झाल्या. मधे मोकळी सोडलेली अकरावी होती वीस डिसेंबरची. गेली चार वर्षं भाऊसाहेब मला सांगत होते, "निवृत्ती, पुढच्या हंगामात तुझं नाटक नक्की." कागदावर वीस डिसेंबरपुढं लिहिलं होतं: 'झलक पाहून रसिक ठरवतील.'

"रसूलभाई," मी म्हणालो, "झलकमधे माझं नाव आहे का?"

"मला वाचता येत असतं तर पडदा ओढला असता होय?"

मी ब्रश डब्यात आपटला आणि तसाच, रंगाच्या हातानं, भाऊसाहेबांच्या ऑफिसात गेलो.

थोडं माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे माझा राग कळेल. मी सातवी नापास. लिहायला शिकलो ते दुकानांच्या पाट्या रंगवून, आणि नाटक शिकलो ते विंगेत उभं राहून. दिवसा पेंटर, संध्याकाळी प्रॉम्प्टर. प्रॉम्प्टर म्हणजे नटाला वाक्यं पुरवणारा. अंधारात उभं राहायचं, हळू आवाजात वाक्य फेकायचं, आणि टाळ्या दुसऱ्याला पडलेल्या ऐकायच्या. बारा वर्षं हे केल्यावर मी एक नाटक लिहिलं. नाव 'चौथा दिवस'. आमचं शहर ऐन नदीकाठी, तरी नळाला पाणी चौथ्या दिवशी. त्याच्यावरचं नाटक. माझ्या बायकोचे, पारूचे, समोरचे दोन दात नळाच्या रांगेत पडले. शेजारच्या भागीरथीची घागर लागली. त्या दिवसापासून पारू पदर तोंडाला लावल्याशिवाय बोलत नाही आणि हसत तर नाहीच. तिचे दात मी नाटकात घातले होते. लोकांनी मान खाली घालून रडत बाहेर पडावं, असं ते नाटक. शोकांतिका. पहिल्या पानावर तसं लिहिलंच होतं, लाल शाईनं.

भाऊसाहेब कलामंदिराच्या मंडळाचे अध्यक्ष. मला बघून त्यांनी आधी आपली खुर्ची मागं घेतली. रंग लागेल म्हणून.

"तुझं नाटक वाचलं रे मी. दोनदा वाचलं."

"मग?"

"शेवट अंगावर येतो. पण लोक हंगामाचा पास रडायला काढतात का, सांग बरं? पुढच्या वर्षी बघू."

"वही द्या माझी."

त्यांनी खणातून वही काढून दिली. दोनशे पानी वही. मी तिथंच उघडली. दहाव्या आणि अकराव्या पानाच्या मधे मी डिंकाचा एक ठिपका लावून दिला होता. चार वर्षांमागं लावलेला ठिपका. पानं चिकटलेलीच होती.

"बरंय," मी म्हणालो. "शेवट अंगावर आला, आणि अकरावं पान उघडलं नाही."

भाऊसाहेब वकील माणूस. पुरावा समोर आला की विषय बदलायचा, हे त्यांच्या हाडात होतं. "रविवारी साडेनऊला ये. झलकमधे आमचा 'बुरूज बोलतो'चा प्रवेश आहे. मला पाठ करायला वेळ मिळालेला नाही."

'बुरूज बोलतो' हे ऐतिहासिक नाटक त्यांनी स्वतः लिहिलेलं. स्वतःच्या हातानं लिहिलेलं नाटक ज्याला पाठ नाही असा नट मी आयुष्यात एकच पाहिला. भाऊसाहेबांची पद्धतच तशी होती. कान विंगेत, डोळे प्रेक्षकांत, डोकं घरी. मी वाक्य द्यायचं, ते त्यांच्या कानातून सरळ तोंडात जायचं. मधे कुठं थांबायचं नाही. पण आवाज असा, की मागच्या रांगेतल्या माणसाची झोप मोडायची. नट म्हणून त्यांचं सगळं भांडवल तो आवाज आणि मी.

रविवारी सकाळी दहाला झलक सुरू झाली. आमच्या गावची ही प्रथा होती. हंगामाआधी पाच संस्थांनी दहा-दहा मिनिटांचा तुकडा करून दाखवायचा, पासवाल्या रसिकांनी चिठ्ठी टाकायची, आणि जास्त चिठ्ठ्या मिळतील त्याला उरलेला रविवार. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे म्हणून नगरपालिकेचे पाणीपुरवठा सभापती बसले होते. हातात श्रीफळ, अंगावर शाल, आणि दहा वाजताच पेंग.

आधी भाऊसाहेबांच्या मेव्हणीच्या नृत्यवर्गातल्या वीस मुली येऊन गेल्या. नाच चांगला होता. मी खोटं बोलणार नाही. फक्त एका मुलीची घुंगरं सुटली आणि बाकीच्या एकोणीस जणी त्या घुंगरांवरून उड्या मारत नाचल्या. सगळ्यांना तो नाचाचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या.

मग आमचा प्रवेश. भाऊसाहेब किल्लेदार. डोक्याला पागोटं, गालांना दाढी, हातात तलवार. किल्लेदारीण इंदूताई शेटे. त्या म्युनिसिपल शाळेत मास्तरीण, भाषा मात्र कडक. पाठांतर एवढं पक्कं की समोरच्याची वाक्यंही त्यांनाच येत असायची.

विंगेत येऊन इंदूताईंनी माझ्याकडं पाहिलं. "काय रे, तोंड का असं?"

"काही नाही."

"तुझं नाटक नाही घेतलं ना? अरे, मी मंडळात असते तर..."

"असता तर तुम्हीही वाचलं नसतं."

"हे मात्र खरं," त्या म्हणाल्या आणि शालू सावरत रंगमंचावर गेल्या.

रसूलभाईनं तिसरी घंटा दिली. पडदा वर गेला. पुठ्ठ्याचा बुरूज, वेढा पडलेला किल्ला.

"धनी," इंदूताईंनी सुरुवात केली, "वेढा पडून किती दिवस झाले?"

भाऊसाहेबांनी तलवार उपसली, छाती पुढं काढली आणि कान माझ्याकडं केला. त्यांच्या नाटकातलं वाक्य असं: 'आज चौथा दिवस. पण जोवर या मनगटात रक्त आहे, तोवर निशाण उतरणार नाही.' ते माझ्या हातातल्या कागदावर लिहिलेलं होतं. मी ते पाहिलं. 'चौथा दिवस' एवढे दोन शब्द तोंडातून गेले आणि पुढची वाट जिभेला दुसरीच पाठ होती.

"आज चौथा दिवस," मी फेकलं. "नळाला थेंब नाही."

"आज चौथा दिवस!" भाऊसाहेब गर्जले. तलवार आभाळात. "नळाला थेंब नाही!"

सभागृहात एकदम शांतता. भाऊसाहेबांना अजून कळलं नव्हतं. तलवार वरच, डोळे टाळ्यांच्या वाटेवर.

गॅलरीतून आवाज आला, "तुमचं बरंय की, किल्लेदार! आमच्या पेठेत सहावा आहे!"

आणि छप्पर उडालं. माणसं खुर्च्यांच्या पाठी बडवायला लागली. सभापतींची पेंग मोडली.

आता भाऊसाहेबांना कळलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की ती तलवार पुठ्ठ्याची नसती तर हे लिहायला मी नसतो. पण करतील काय? पुढचं वाक्य त्यांना येत नव्हतं. इंदूताईंनी आपलं पाठ वाक्य दिलं, "मग आता कसं करायचं, धनी?" ते नळालाही चालत होतं. भाऊसाहेब बुरुजावरून शत्रू न्याहाळल्यासारखे चालत चालत विंगेपाशी आले आणि दाढीतून फुसफुसले, "पुढचं दे, गाढवा!"

लोक अजून विचारतात, चुकून झालं की मुद्दाम? पहिलं वाक्य जिभेनं दिलं. त्यानंतरचं प्रत्येक मी दिलं.

"पहाटे तीनला नंबर लावला. पुढं चाळीस घागरी, मागं साठ."

भाऊसाहेबांनी डोळे मिटले. एक क्षण वाटलं, गप्प बसतील. पण रंगमंचावर गप्प बसणं त्यांना फाशीपेक्षा अवघड होतं. "पहाटे तीनला," ते म्हणाले, आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात, "नंबर लावला! पुढं चाळीस घागरी! मागं साठ!" आणि तलवारीनं घागरी मोजून दाखवल्या.

हशा.

आणि मग माझ्या डोळ्यांदेखत एक गोष्ट झाली. भाऊसाहेबांना चव लागली. सोळा वर्षं त्यांना आदराच्या टाळ्या पडत होत्या. असं पोट धरून कुणी हसलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं कान केला, आणि आता त्यांचा चेहरा भुकेल्या माणसासारखा होता.

"घागर शेजारणीची," मी दिलं, "दात माझ्या बायकोचे, आणि पाणी सभापतीच्या गाईला आंघोळीला!"

ते वाक्य म्हणजे माझं काळीज होतं. ते लिहिताना मी वहीवर रडलो होतो. भाऊसाहेबांनी ते पहिल्या रांगेकडं तलवार रोखून म्हटलं. इंदूताईंनी चटकन शालूचा पदर तोंडाला लावला आणि मान फिरवली. हुबेहूब पारू. सहाशे माणसं हसून आडवी झाली. गॅलरीतला एकजण खुर्चीवरून खाली पडला, तो उठेचना.

मी विंगेत उभा राहून ऐकत होतो. माझ्या बायकोच्या दातांवर अख्खं गाव हसत होतं.

रसूलभाईनं आपल्या अकलेनं पडदा पाडला. पडदा पडल्यावर पण लोक थांबेनात.

पाचही तुकडे झाल्यावर चिठ्ठ्या उघडल्या. 'बुरूज बोलतो' असं कुणीच लिहिलं नव्हतं. 'नळाचं नाटक', 'पाण्याचं', 'किल्लेदाराचा नळ', असल्या चिठ्ठ्यांनी डबा भरला होता. सभापती विंगेत आले तेव्हा मी भिंतीला टेकून उभा होतो. वाटलं, आता भाऊसाहेबांची वकिली आणि माझं पेंटिंग, दोन्ही एकदम जाणार.

सभापतींनी भाऊसाहेबांच्या पाठीत थाप मारली. "काय हाणलंय, वकीलसाहेब! आधीच्या सभापतीला अगदी बरोबर हाणलंत! त्याच्याकडं गाय होतीच."

"हो ना," भाऊसाहेब म्हणाले. अर्धी दाढी निघून लोंबत होती. "म्हटलं, यंदा थोडा वेगळा प्रयोग करू. लिहिता लिहिता सुचलं."

"कुणाला सुचलं?" मी विचारलं.

"निवृत्ती, नंतर बोलू."

"नंतर चार वर्षं बोललो. हे माझं आहे, सभापतीसाहेब. आणि गाय आधीच्याची नाही, तुमचीच आहे. काळ्या तोंडाची. परवा मी तुमच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' रंगवत होतो तेव्हा समोर आंघोळ करत होती."

सभापतींचं हसू गालावरच वाळलं. "मला जरा दुसऱ्या कार्यक्रमाला जायचंय," म्हणाले आणि श्रीफळ तिथंच विसरून गेले.

मी पिशवीतून वही काढली. इंदूताईंनी ती माझ्या हातातून ओढून घेतली, चिकटलेलं पान नखानं सोडवलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागल्या. वाचता वाचता त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्या बुरुजाच्या पुठ्ठ्यावर बसल्या. पुठ्ठा खचला. त्या तरी हसतच होत्या.

"काय झालं?"

"हे... हे नंबरावरचं भांडण... अरे देवा!"

"ते रडायचं आहे," मी म्हणालो.

इंदूताईंनी वर पाहिलं. "काय?"

"रडायचं आहे ते. शोकांतिका आहे. पहिल्या पानावर लिहिलंय, लाल शाईनं."

भाऊसाहेबांनी पहिलं पान पाहिलं. रसूलभाईनं, वाचता येत नसताना, पाहिलं. आणि तिघंही असे फुटले की मला वाटलं, माझ्या हातून खून होईल.

"निवृत्ती," इंदूताई डोळे पुसत म्हणाल्या, "रागावलास की तू लई हसवतोस रे. तुला आजवर कुणी सांगितलं नाही?"

"मला सांगायला माझं कुणी वाचलंय का?"

यावर मात्र कुणी हसलं नाही.

भाऊसाहेबांनी लोंबणारी दाढी उपटली. "वीस डिसेंबर तुझा. लेखक म्हणून तुझंच नाव. पण फळ्यावर 'विनोदी नाटक' असं लिहायचं. शोकांतिका लिहिलंस तर तारीख मेव्हणीला."

मी घरी गेलो. गावात बातमी माझ्याआधी पोचलेली. पारू चुलीपुढं बसली होती, पाठ माझ्याकडं.

"त्यात माझे दात आहेत म्हणं," ती पदरातून म्हणाली.

"आहेत."

"आणि गाव हसलं म्हणं."

"मी हसायला लिहिलं नव्हतं गं."

"मग कशाला लिहिलंत?"

"त्यांना लाज वाटावी म्हणून."

"वाटली?"

मी ताट पुढं ओढलं. तिनं भाकरी भाजली, माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, "मी यायची नाही तुमच्या नाटकाला." त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तारीख मिळाली होती, नाव मिळालं होतं, आणि घरात तोंड दाखवायची चोरी झाली होती. माझ्या बायकोची जाहीर चेष्टा झाली, आणि ती करणारा तिचा नवराच होता, ही गोष्ट मला झोपू देईना.

झलक झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी परत स्टुलावर चढलो होतो. अकरावी ओळ मोकळीच होती. 'चौथा दिवस. लेखक: निवृत्ती कुंभार' असं रंगवलं. पुढं वीतभर जागा. ब्रश हातात घेऊन मी बराच वेळ उभा राहिलो.

"काढ की लवकर," रसूलभाई खालून म्हणाला. "माझ्या हाताला मुंग्या आल्या."

मी रंगवलं: 'शोकांतिका'. ठसठशीत, लाल. जाऊ दे तारीख मेव्हणीला. पारूच्या दातांना मी विनोद म्हणणार नव्हतो.

खाली उतरलो तर मागं दोन कॉलेजची पोरं उभी. त्यांनी वाचलं आणि एकमेकांच्या खांद्यावर डोकी आपटून हसायला लागली. "शोकांतिका म्हणं! नळाची!" संध्याकाळपर्यंत फळ्यापुढं गर्दी. भाऊसाहेब आले, त्यांनी फळा पाहिला, गर्दी पाहिली. मी भांडायला तयारच होतो. "वा!" ते म्हणाले. "याच्यापेक्षा भारी विनोद तुलासुद्धा सुचला नसता. राहू दे."

माणसानं रागवावं तरी किती?

वीस डिसेंबरला संध्याकाळी सहाचा प्रयोग. नळाच्या रांगेतला नवरा भाऊसाहेब. पाठांतर अर्थातच शून्य. बायको इंदूताई. मी त्यांना आधीच सांगितलं होतं, "तो तोंडाला पदर लावायचा प्रकार करायचा नाही. माझी बायको आहे ती."

"नाही करत," त्या म्हणाल्या. "मला दुसरं सुचलंय."

विंगेत उभं राहून मी पुठ्ठ्याच्या भिंतीतल्या फटीतून सभागृह पाहिलं. गच्च. आणि बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, पारू. पदर तोंडाला. तिच्या शेजारी भागीरथी. तीच, घागरवाली. चार वर्षं दोघी बोलत नव्हत्या. मला धडकी भरली. ही तमाशा करायला आली की काय?

दातांचा प्रवेश आला. इंदूताई रंगमंचावर आल्या आणि मी बघतच राहिलो. त्यांनी पुढच्या दोन दातांना काजळ फासलं होतं. दिव्यांच्या उजेडात तोंडात नुसतं भगदाड. पदर नाही, काही नाही. त्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवला, आणि भगदाड उघडून प्रेक्षकांना म्हणाल्या, "काय बघताय? नगरपालिकेचं काम चालू आहे! खड्डा बुजवायला चार वर्षांनी येणारेत!"

हे वाक्य माझं नव्हतं. ते बाईंनी तिथं घातलं होतं. सभागृह कोसळलं.

मी फटीला डोळा लावला. पारूनं इंदूताईंकडं पाहिलं. नुसती पाहत राहिली. मग तिचे खांदे हलले. पदर हातातून सुटला. तिनं भागीरथीच्या मांडीवर जोरात थाप मारली, मान मागं टाकली, आणि तोंड उघडून, सगळ्यांसमोर, ती हसली. दोन दातांची जागा मोकळी, काळी, आणि तिच्यातून हसू बाहेर पडतंय. भागीरथी तिचा हात धरून हसत होती आणि रडत होती.

रंगमंचावर हशा ओसरला. भाऊसाहेबांचं वाक्य होतं. त्यांनी माझ्याकडं कान केला. वाट पाहिली. परत कान केला. मग मानच वळवली आणि डोळे वटारून विंगेकडं बघत राहिले.

रसूलभाईनं मला कोपर मारलं. "निवृत्ती! वाक्य!"

सोळा वर्षांत पहिल्यांदा मी वाक्य द्यायला विसरलो होतो.